आठाचे आकडे

टोर्स्बीच्या पलीकडे, बंद लाकूडगिरणीमागच्या शेडमध्ये
यर्डिस एस्किलची व्होल्वो जॅकवर चढवते.
मागचं झाकण सैल होताच ओघळतं
काळं तेल, गंधकाच्या वासाचं.

जुना डिफरन्शियल भोळा.
जे चाक बर्फावर गरगरतं, सगळा जोर त्याच्याच वाटेला;
डांबरावरचं दुसरं
गप्प उभं.
आई अशीच, ती पान्याला सांगते.
एस्किलसाठी तीनदा कर्ज काढलं,
मला म्हणायची, तुझं काय, तू उभी आहेस.

आता नव्या पिंजऱ्यात क्लचच्या चकत्या,
एकीआड एक, तेलात भिजवून.
क्राउन व्हीलच्या दात्यांना पिवळा लेप.
ठसा टाचेकडे सरकलाय.
पुन्हा उघड. केसाएवढी शिम इकडची तिकडे.
चौथ्या खेपेला काटा पंधरा शतांशांवर थांबतो
आणि ती थंड झालेली कॉफी पिते.

चकत्यांनी तेल प्यावं म्हणून
गिरणीच्या रिकाम्या अंगणात
सावकाश आठाचे आकडे काढायचे, दहा.
सातव्याला एक चाक बर्फात रुततं.
मागून कुरकुर,
मग दुसरं चाक ढकलतं.

एस्किलच्या वजनाचा खळगा असलेल्या सीटवर
ती अकरावा काढते,
बारावा.