हजेरी

बावीस वर्षं मी द्राक्षबागेत हजेरी मांडतो, पिंपळगावला.
आठच्या आत आली तिला पूर्ण रोज,
जेवणानंतर आली तिला अर्धा,
चारनंतर येईल तिला चहा, आणि उद्या लवकर ये.

रविवारी नाशिक. शरणपूरच्या देवळात
डावीकडून चौथा बाक, पंख्याखालचा नव्हे.
पाळकसाहेब सांगतात, तारण कमवायचं नसतं,
हात पुढे करायचा, बस्स.
मागे एझ्रा मास्तर खोकतात.
त्या खोकल्याला लाल शाई आहे, शाळेपासूनची.

बाहेर चपला शोधता शोधता मास्तर म्हणतात,
फुकटचं औषध झालं तरी गिळावं लागतं की नाही?
गिळण्याची मजुरी कुणी मागतं का, मास्तर?
आणि आज्ञा? त्या काय भिंतीवर टांगायला?
त्या पाळायच्या लेकरू आहोत म्हणून,
लेकरू व्हावं म्हणून नव्हे.
मग क्रूसावरचा तो चोर निघतो.
दोन्ही हात खिळलेले, करणार काय बिचारा?
तोंड मोकळं होतं ना, मास्तर म्हणतात,
पलीकडच्याला दटावलं त्यानं. ते काम नाही?
तीन पाळक बदलून गेले. चोर कायम आहे.

मी मास्तरांच्या बाजूचा.
हजेरी मांडणाऱ्याला दुसरी बाजू परवडत नाही.

ओबेद माझा धाकटा.
आईच्या पाटल्या त्यानं विकल्या, माझी सायकल दोनदा.
सिव्हिलमध्ये पिवळा पडून होता, डोळ्यांसकट.
गुरुवारी पाळकांना बोलावलं, कानात काहीतरी बोलला.
शनिवारी गेला.
कबरीपाशी पाळकसाहेब म्हणाले, आपला भाऊ घरी पोचला.
माझ्या मुठीत माती होती आणि मी बेरीज करत होतो:
आईचं अंथरूण, अकरा वर्षं.
दशांश, एकदाही चुकला नाही.
शेवटच्या तासाला आलेल्यांना पूर्ण रोज देणारा
तो द्राक्षमळ्याचा धनी मी लहानपणापासून ऐकतोय.
त्याच्या मुकादमाला काय वाटलं, ते कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीत, काढणीच्या घाईत,
सुरगाण्याकडची एक बाई साडेचारला आली.
पोराला ताप होता म्हणाली.
लिहू नका काही, पण कात्री द्या, उचल घेतलीय.
अंधार पडेपर्यंत घड तोडत राहिली.
किती क्रेट भरले, मी मोजले नाहीत.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मोजले नाहीत.
तिच्या नावापुढे पूर्ण लिहिलं
आणि शाई ओली असतानाच वही मिटली.
तर समोरच्या पानावर उमटलं ते, उलटं,
भलत्याच नावापुढे.

सकाळी शेठनं विचारलं. माझ्यातून कापा म्हटलं.
पाळकसाहेबांना हे सांगितलं नाही, ते हसतील.
मास्तरांना तर नाहीच.

गुड फ्रायडेला उपासनेनंतर कबरस्तानात गेलो.
मास्तर ओबेदच्या उशाशी उकिडवे बसले होते,
गवत उपटत, मुळासकट.
म्हटलं, मास्तर, तुम्ही कशाला?
चौथीत होता माझ्याकडे, म्हणाले. शुद्धलेखन वाईट.
आणि थोडं सरकून
त्यांनी मला जागा दिली.