पट्टी

शाम शुई पोच्या गल्लीत, बटणांच्या दुकानात
लान मावशीने माझा कॅमेरा हातात घेतला,
कानाशी नेऊन हलवला,
नारळात पाणी आहे का पाहावं तसा.
"कितीला पडला?"
मी निम्मीच किंमत सांगितली.
"लुटलं तुला," ती म्हणाली.

मग तिने तो पालथा केला.
मागचं झाकण, बाजूच्या दोन पत्र्याच्या क्लिपा,
मधली लाल काच, जिच्यातून
फिल्मचे आकडे सरकताना दिसतात:
तीन, मग ठिपके, मग चार.
अंगठा डाव्या कोपऱ्याशी थांबला.
"इथून उजेड शिरतो."
विचारत नव्हती. सांगत होती.

क्वुन टोंगला, सातव्या मजल्यावर,
अठरा वर्षांची असताना
याच झाकणांना याच क्लिपा.
एका पाळीत नऊशे.
पंखा एक, तोही मुकादम यिपकडे वळलेला.
कोपरा नीट बसत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.
"चला, चला," यिप म्हणायचा,
"एवढ्याशा फटीतून काय जातंय?"

"अगं, त्या फटीसाठीच तर घेतला मी!"
मी मोबाइल काढून फोटो दाखवतो:
धक्क्यावरची बोट, तिच्यावरून आडवा गेलेला केशरी पट्टा,
कडांना काळोख.
लोक भिंतीवर लावतात, मावशी. पैसे मोजतात.

ती चष्मा कपाळावर सारून बघत राहते.
मला वाटलं, हसेल.
"चांगली बोट होती," ती म्हणते.
"नासली."

गल्ल्याखालून ती काळी चिकटपट्टी काढते,
वायरमन वापरतात ती,
दाताने तोडते,
नि कोपऱ्यावर नखाने घासत घासत बसवते.
गिऱ्हाईक दोनदा हाक मारतं. तिचं लक्ष नाही.
"चाळीस वर्षं उशीर झाला," एवढंच.

मी नको म्हणालो नाही.
अंतराच्या कड्यावर तीन चित्रं असतात:
एक माणूस, तीन माणसं, डोंगर.
मी एका माणसावर आणलं
आणि खटका दाबला. खेळण्यासारखा आवाज.
"एवढाच?" तिने विचारलं.
तिने तो कधी ऐकलाच नव्हता.

रोल धुऊन आला. चारपर्यंत सगळं केशरी.
पाचव्यात लान मावशी,
मागे बटणांच्या बरण्या,
चेहरा जरा पुसट. भिंग शेवटी प्लास्टिकचंच.
पण एक किरण सांडलेला नाही.

आता मला हवे तसले फोटो या कॅमेऱ्यात येत नाहीत.
उन्हात पट्टीचं टोक सुटतं.
मी अंगठ्याने परत दाबतो.