ओले पाय

मोरीच्या तोंडाशी, जिथं पाणी तुंबतं,
तिथं आजवर काही जगलं नव्हतं.
मोगरा कुजला. तुळस आठवड्यात काळी पडली.
साधी जास्वंद पिवळी होत होत गेली,
उपटली तर मुळांचा लगदा हातात.

चिकोडी रोडच्या नर्सरीतला दस्तगीर म्हणाला,
"आक्काताई, ही न्या. दलदलीतली जात हाय.
हिचे पाय वाळले की ही गेली."
हातभर काटकी, तीन पानं, दीडशे रुपये.
दीडशे म्हणजे सातशे विड्या.
मी मनात वळून बघितल्या, मग पैसे दिले.

ओलीचं मला कळतं.
चाळीस वर्षं तेंदूची पानं भिजवते आहे.
कमी भिजलं तर वळताना तडकतं,
जास्त भिजलं तर रात्रीत बुरशी.
गोणपाटातलं पान पहाटे गालाला लावून बघायचं:
गार लागलं पाहिजे, ओलं नाही.
हिला असला हिशेब नकोच होता.
घोटाभर पाणी आणि डोक्यावर ऊन,
म्हशीसारखी.

मग पानं भिजवलेलं पाणी हिला,
तांदूळ धुतलेलं हिला.
साबणाचं तेवढं बाजूला वळवलं
एक फुटकं कौल आडवं रोवून.
दोन घमेली शेणखत, वर उसाचा पाला.
आषाढात माझ्या खांद्याला आली,
श्रावणात मी मान वर करून बघायला लागले.

भाद्रपदात खोडाला पांढरा कापूस लागला.
पिठ्या ढेकूण.
तंबाखूचा भुगा रात्रभर भिजवला, फडक्यानं गाळला,
केरसुणीच्या चार काड्यांनी शिंपडला.
सकाळी मुंग्या वाट चुकल्यागत हिंडत होत्या.
ज्या धुळीनं माझी छाती धरली
तिचा एवढा एक उपयोग.

दसऱ्याला चार दिवस असताना पहिलं फूल.
लाल. बशीएवढं नव्हे, ताटलीएवढं.
पाच पाकळ्या, एकमेकींना न चिकटलेल्या,
मधल्या फटींतून आमची चुन्याची भिंत दिसत होती.
शेजारची नीलव्वा म्हणाली, दासवाळ देवाला दे.
मी म्हटलं, जास्वंद झाडावरच राहू दे गं आज.
संध्याकाळी बघते तर
फुलानं स्वतःला वळून घेतलेलं,
घट्ट, सरळ, टोकाला दुमडलेलं.
विडीच!
मुकादमानं छाटीत टाकली नसती अशी.
मी मोरीपाशी उभी राहून एकटीच हसले.

मग थंडी. पानं गेली, राहिल्या काटक्या.
सून म्हणाली, उपटा आता, डासच होतात.
मी कोयता आणला. वीतभर ठेवून छाटलं
आणि पुढं हात चालेना.
नीलव्वानं भिंतीवरून डोकावून खुंट नखानं खरवडला,
आत हिरवं होतं, तांदळाएवढं.
"सत्तिल्ल, बिडव्वा," ती म्हणाली. "नीरु हाकु."

पौषात नगरपालिकेची माणसं आली.
मोरी पायपात घातली, वरून फरशी.
गल्ली कोरडी झाली, सगळ्यांना बरं वाटलं,
मलाही वाटलं, खोटं कशाला बोलू.
फक्त झाडाचं पाणी जमिनीखालून
कुठं तरी निघून जायला लागलं.

आता एक जुनी बादली आहे,
बुडाला खिळ्यानं पाडलेलं भोक.
पानांचं पाणी त्यात ओतते आणि सुपाशी बसते.
ती थेंब सोडते, मी विड्या वळते.
चार कट्टे होईस्तोवर बादली रिकामी होते;
कधी नीलव्वा न सांगता भरून ठेवते,
डाळ धुतलेल्या पाण्यानं, टरफलांसकट.

परवा खुंटाशी लाल टोकं दिसली,
सुईच्या अग्रासारखी.
मोजायची सवय हाताला आहेच.
आज नऊ आहेत.
दहावं बहुतेक गवत असावं.