मूठ

शनिवारी चॅपलमागच्या खोलीत
ग्वेनिथने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं
आणि शेडमधलं सगळं त्यावर ओतलं.
खुरपं कुणीही ओळखलं असतं. रोपं लावायची खुंटी,
काटेरी तण उपटायचा लाकडी चिमटा;
तो हातात घेताच आयोलो हसला,
‘आमच्याकडे यानेच वाद मिटायचे.’

उरलं एक.
वीतभर लोखंड, टोकाला सापाच्या जिभेसारखं दुभंगलेलं,
मूठ ॲशच्या लाकडाची,
खळगे भलत्याच जागी.
कुणी म्हणालं, शतावरीचे कोंब कापायचं.
कुणी म्हणालं, घोड्याच्या खुरातली माती काढायचं,
बागेतलं नव्हेच.
मेरेदिथने भिंग लावून कारखान्याचा शिक्का शोधला;
गंजाखाली गंजच निघाला.

मूठ कुणाच्याच हातात बसेना.
उजवा झाला, डावा झाला.
शेवटी ग्वेनिथने चहा बाजूला सारला,
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलं,
उरलेल्या तिघांनी धरलं.

बसली.

स्लेटच्या खाणीत दोन बोटं ठेवून आलेला तिचा सासरा,
कांद्याच्या वाफ्यात ओणवा,
या कोपऱ्यातलं काही कुणाला हलवू न देणारा.

‘पण आहे कशाचं ते?’ आयोलोचं चालूच.
ती तोवर बाहेर पायरीशी उकिडवी,
फटीतलं डँडेलियन मुळासकट येतं का बघत.
नाही आलं. अर्ध्यात तुटलं.

वहीत ‘वस्तू’खाली मी लिहिलं: एमरिस.
‘उपयोग’ कोराच ठेवला.