सुद-सुद

पानाय बेटावर, आमच्या कापिस प्रांतात
या दुखण्याला आवाजाचं नाव आहे. सुद-सुद.
रबरी सपाता सिमेंटवर घासत येतात,
दिसायच्या आधी माणूस ऐकू येतो.
त्याच्याही आधीच्या वर्षांना म्हणतात लुबाग.
म्हणजे पीळ.

माझा भाऊ इसाबेलो शिंपल्यांच्या खिडक्या करायचा.
चपटे, धुरकट शिंपले, चौकोनी कापलेले,
लाकडी चौकटीत एकेक बसवलेले;
दुपारचं ऊन त्यांतून निवून आत यायचं.
एकोणचाळिसाव्या वर्षी त्याची मान डावीकडे वळली
आणि तिथेच राहिली,
जशी कुणी त्या बाजूने हाक मारलीय
आणि सांगायचं अजून संपलं नाही.

मग जबडा. मग जीभ, भाताचा घास बाहेर ढकलणारी.
मग पाठ.
लोक म्हणाले, दारू.
कुणी म्हणालं, बालेतेच्या झाडाखाली लघवीला बसला असेल
झाडातल्याची परवानगी न मागता.
आई काहीच म्हणाली नाही.
तिचा भाऊ असाच गेला होता, मावशीचा मुलगाही.
हे बायकांच्या हातून पुरुषांपर्यंत पोचतं
हे तिला डॉक्टरांच्या आधीपासून ठाऊक होतं.
ती मासे साफ करत राहिली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

परवा मनिलात त्याचा मेंदू पाहिला.
सगळा नाही, काचेवरचा एक काप,
नखापेक्षा पातळ, जांभळा रंगवलेला.
त्यानेच सही केली होती, तीन कागद फाडून चौथ्यावर.
डॉक्टर वेनेरासियोन बाईंनी आधी दुसऱ्या कुणाचा काप दाखवला,
दाट, काटेरी फांद्यांच्या पेशी, रान माजावं तशा.
"या होकार देतात," म्हणाल्या, "पण मुख्य काम नकाराचं.
नको ती हालचाल इथे अडवली जाते."

मग इसाबेलो.
पेशी सरसकट गेल्या नव्हत्या.
आधी बेटं बुडाली होती, तुकड्यातुकड्यांनी,
मागून भोवतीचा समुद्रही आटत गेलेला.
रिकाम्या जागी ताऱ्यांसारख्या दुसऱ्याच पेशी
खपली धरून बसलेल्या.
नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं तिथे.
सुंभ जळून गेलं होतं.

मला योलांडा वादळानंतरची आमची खिडकी आठवली,
चौकट उभी, शिंपले गळालेले,
भोकाभोकांतून आभाळ.
तेव्हा त्याची मान वळू लागली होती.
तरी त्याने ब्याण्णव चौकोन पुन्हा बसवले,
आरसा समोर टांगून, त्यात बघत.

बाई सांगत होत्या, एका जनुकात
सहा अक्षरांचा एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो.
जितका जास्त वेळा, तितकं दुखणं लवकर.
इसाबेलोच्यात एक्केचाळीस वेळा.
"तुमचं रक्त तपासायचं का?" त्यांनी विचारलं.
मी विचारलं, काचा धुऊन परत वापरता का हो?
त्या नाही म्हणाल्या.

बोटीतून उतरून रात्री घरी आले.
डायोनी दार उघडायला आला. चौदाचा आहे.
झोपेत होता, सपाता फरशीवर ओढत.
"पाय उचलून चाल," मी ओरडले,
इतक्या जोरात की शेजारचा कुत्रा भुंकला.
तो खुळ्यासारखा बघत राहिला.
मग एक पाय गुडघ्यापर्यंत उचलून
बगळ्यासारखा उभा राहिला, मला हसवायला,
आणि मी मोजू लागले
किती वेळ.