बिछायत

माह्यापाशी चारशे बारा खुर्च्या हायेत.
सतरंज्या बावीस, एक जळकी.
कुऱ्ह्यात सभा कोनाचीबी असो,
बुडाखाली माल आपला.

पस्तीस वर्सं झाले. भाषन आयकत नाई मी,
बसनं पाह्यतो.
लाल झेंड्यावाले सतरंजीच मांगत.
पंचवीस मानूस, तेवढ्यात जगभरातले मजूर एक करत,
अन् भाडं तीन हप्त्यानं देत. पन देत.
खादीवाले गुरुजी गेले तवापासून
त्याइच्या सभेले मी असतो अन् माइक असते.
वेगळ्या विदर्भाचे साठ खुर्च्या नेतात,
चाळीस थप्पीतच राह्यतात.

देशवाल्याइची गोष्ट अलग.
दोरी धरून रांगा. मांगं पडदाभर नकाशा.
गानं सुरू झालं का सारी सभा खटकन उभी,
माह्याबी अंगावर काटा. खोटं कायले बोलू?
बाकीचे इचारतात, कोनापाशी काय हाये,
अन् तुह्यापाशी काऊन नाई.
हे इचारतात, तू कोन?
अन् तू सांगाच्या आंधी
पाठीवर हात ठेवतात.
हात गरम असते.

मांगच्या चैतात एकाच संध्याकाळी दोन सभा.
देवळापुढं ‘आपन सारे एक’,
अन् बौद्धपुऱ्यात जयंतीची.
दोनशे-दोनशे वाटून देल्या.
राती वारं सुटलं. नकाशा फाटला,
जिथून बांबूची दोरी ओवली होती तिथूनच.
पोट्टा म्हने, बाबा, थ्याच जागी
आपलं गाव असन.

सकाळी ट्रॅक्टर एकच. खुर्च्या मिसळल्या.
प्रल्हादभाऊनं रातभर ‘एक, एक’ म्हनून
गळा बसवून घेतला होता,
त्याच बसल्या गळ्यानं मले म्हने,
पुऱ्यातल्या कोनत्या, तेवढं सांगजो.
उद्या घरी वास्तूची पूजा हाये.

ओळखू येत नाई, मी म्हनलो.
आता सारख्याच दिसतात.

घरी येऊन जुनं रजिस्टर काढलं.
तारीख, नग, भाडं,
अन् शेवटच्या रकान्यात, पुऱ्याचं नाव आलं का दर वेळी:
‘धुवून घेणे.’
अठ्ठ्याऐंशी. एक्क्यान्नव. शहाण्णव.
बाप तं त्र्याण्णवात गेला.

दिवा जवळ घेतला.
शहाण्णवच्या ‘धु’ची शेपटी
डावीकडं वळली हाये,
जशी मी वळवतो.