पाऊण इंची

मिरकरवाड्यातून मासळी भरून निघालेली गाडी
हातखंब्यापर्यंत गळत येते.
बर्फाचं पाणी, त्यात मीठ, त्यात बांगड्याचं रक्त,
सगळं मागच्या जोडचाकांवर.
वर्षभरात नट आणि बोल्ट
एकमेकांचे सख्खे होऊन जातात.
वेगळे करायचे तर कुणाचं तरी काहीतरी तुटतं.

बहुतेक वेळा माझं.
पान्याला चार फुटी पाइप, पाइपाच्या टोकाला मी,
सत्तर किलोचा, उड्या मारणारा.
उजवा खांदा आता शर्ट घालताना वाजतो.
डॉक्टर म्हणाले, मिस्त्री, गन घ्या आता.
जेवणानंतर एक, अशा सुरात.

म्हणून रत्नागिरीला गेलो.
भिशीचे पैसे बंडीच्या आतल्या खिशात,
सोबत नाझनीन,
माझ्या उस्तादांची, दाऊद मिस्त्रींची नात.
आयटीआय झालेली. वजन बेचाळीस.

दुकानदाराने एक इंची काढली.
लांब नाकाची, अकरा किलोची, तेलात निथळणारी.
खोक्यावर आकडा : अडीच हजार न्यूटन मीटर.
मला आकडा आवडला. खोटं कशाला बोलू,
ती खांद्याला लावून अख्ख्या हायवेला
एकदा दाखवावी, असं वाटलं.

"हवा किती पिते?" नाझनीनने विचारलं.
दुकानदार हसला,
मग खोकं फिरवून बारीक अक्षरं शोधायला लागला.
तिने मोबाइलवर हिशेब केला :
आपला कॉम्प्रेसर पाच हॉर्सपॉवरचा,
टाकी अडीचशे लिटरची,
"तीन नट, काका. चौथ्याला हिला धाप लागेल.
आणि आपली ती बारीक नळी!
हत्तीला शहाळ्याच्या नळीने पाणी पाजणार काय?"

मी बंदूक तिच्या हातात दिली.
"चाकाच्या उंचीला धर. मी मोजतो."
विसाला दंड थरथरला.
ती काही बोलली नाही.
मीही नाही.
दाऊदभाई मला असाच घण धरायला लावायचे.
म्हणायचे, तू हत्यार उचलतोस
की हत्यार तुला, ते आधी बघ, बावा.

पाऊण इंची घेतली. साडेपाच किलो.
खोक्यावरचा आकडा जवळजवळ निम्मा.
दुकानदाराचा चेहराही.
उरलेल्या पैशांत जाड नळी,
पाणी अडवणारी वाटी, तेलाचा थेंब सोडणारी वाटी,
कारण आमच्याकडची हवा म्हणजे निम्मं पाणीच.
आणि सॉकेट काळे.
तो चकचकीत दाखवत होता, स्वस्तात.
चकचकीत फुटतात.
कुवारबावच्या एकाच्या गालात अजून तुकडा आहे,
थंडीत तो तिथे बोट ठेवून बोलतो.

रात्री साडेअकराला उडुपीकडची गाडी आली.
आतलं चाक बसलेलं, ड्रायव्हर घड्याळ बघणारा,
मागे सुरमई वितळायला लागलेली.
नाझनीनने घोडा दाबला.
गन भुंकली, भुंकत राहिली.
नट तिथेच.

तिने थांबून डिझेल सोडलं. थांबली.
ड्रायव्हरची एक बिडी होईपर्यंत थांबली.
मग उलट नाही, सुलट फिरवलं,
केसभर आवळलं आधी,
आणि मग सोडलं.
हे मी तिला शिकवलं नव्हतं.
दाऊदभाई गेले तेव्हा ती चार वर्षांची होती.

टण्णकन नट सुटला,
आणि माझा खांदा, नुसता उभा असलेला,
सवयीने दुखला.

लावताना मात्र गन बाजूला.
आधी बोटांनी, मग हातपान्याने, समोरासमोरचे दोन दोन.
ड्रायव्हर म्हणाला, अहो, मशीन आहे ना?
ती म्हणाली, मशीन सोडवायला आहे.

गाडी गेल्यावर टाकीचा खालचा नळ उघडला.
कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी आलं,
तांब्याभर.
एका दिवसाचं.
चार फुटी पाइप भिंतीला टेकून होता.
मी तो उचलला,
कुठे ठेवायचा ते सुचेना,
म्हणून परत तिथेच टेकवला.